नाताळची हजेरी

साळवेकाकांना नुसतं "काका" म्हटलं तर ते वळायचे नाहीत. "साळवेकाका" म्हटलं तर मान तेवढी वळवायचे. आणि कुणी "शामुवेल दावीद साळवे" असं पुरतं नाव घेतलं, तर हातातलं काम टाकून, पाय जुळवून उभे राहायचे आणि म्हणायचे, "हजर." मग ते नाव पोस्टमननं घेतलेलं असो नाहीतर खालच्या मजल्यावरच्या टवाळ पोरांनी. पोरं येता-जाता जिन्यातून नाव घ्यायची आणि काका दर वेळी हजर व्हायचे. मी एकदा न राहवून म्हटलं, "काका, चेष्टा करतात हो ती तुमची." तर म्हणाले, "करू दे की. नाव तर बरोबर घेतात ना?"

पिंपरीतल्या एका कंपनीच्या टाइम ऑफिसात त्यांचा जन्म गेला. गेटातून आत शिरलं की भिंतीवर कामगारांची कार्डं, शेजारी पंचिंगचं घड्याळ आणि त्याच्या बाजूच्या खिडकीत काका. प्रत्येकानं आपलं कार्ड घड्याळात घालायचं, ठोका मारायचा आणि आत जायचं. ते नीट होतंय की नाही हे बघणं, ही काकांची नोकरी. पुढे अंगठ्याची यंत्रं आली, काका रिटायर झाले, पण टाइम ऑफिस काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला पेन. भाजीवाल्यालाही ते "आज उशीर" असं सुनवायचे.

संत तुकाराम नगरात त्यांचं आणि आमचं घर एका भिंतीचं. भिंत पातळ, त्यामुळे त्यांच्याकडचा कुकर वाजला की आमच्या सासूबाई उठून आमचा गॅस बंद करायच्या. आता तिथं भाडेकरू राहतात. चांगली माणसं आहेत. तरीही दिवेलागण झाली की माझे कान आपोआप त्या भिंतीकडे जातात, आणि मग मी मुद्दाम टीव्हीचा आवाज वाढवते.

मार्थाकाकू राहुरीकडच्या. नवऱ्याची टिंगल करायची एकही संधी त्यांनी सोडली नाही. त्यांच्या लग्नाची गोष्ट मी नवी नवरी म्हणून आले त्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितली होती. "पाळकसायबांनी इचारलं, या मुलीला पत्नी म्हनून पत्करतोस का? तर ह्यो बाबा म्हनला, हजर! समदं चर्च हसलं गं. माजी आई तर म्हनली, पोरगं जरा हुकलेलं दिसतंय, आजून येळ हाय, चल घरी." काका पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "त्यात हसण्यासारखं काय? पत्करतो म्हणजे काय निराळं असतं?"

टाइम ऑफिसात मात्र त्यांच्याशी कुणी हसून बोलत नसे. दुसऱ्याचं कार्ड मारणं हा त्यांच्या लेखी चोरीपेक्षा मोठा गुन्हा. एकदा एका कामगारानं आपल्या मित्राचं कार्ड मारलं. मित्राची बायको दवाखान्यात होती, बिचाऱ्याचा खाडा पडू नये एवढाच हेतू. काकांनी त्याचा हात घड्याळाशीच धरला. युनियनवाले आले, साहेब आले, "साळवे, माणुसकी बघा जरा" वगैरे सगळं झालं; काका ढिम्म. पण शिफ्ट सुटल्यावर हेच काका सायकल मारत त्या दवाखान्यात गेले, बायकोच्या खाटेशी बसलेल्या त्या माणसाला डोळ्यांनी बघून आले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः साहेबांपुढे उभं राहून त्याची रजा मंजूर करून घेतली. "गैरहजर म्हणायचं तर आधी जाऊन बघावं लागतं," ते मला म्हणाले होते, "खिडकीत बसून म्हटलं की झालं, असं नसतं ते."

त्यांचं हे बघून येणं माझ्याही वाट्याला आलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आमचे हे संध्याकाळी कंपनीतून आलेच नाहीत. तेव्हा मोबाइल नव्हते. सासूबाईंनी रडायला सुरुवात केली, मी कोपऱ्यात बसले. काकांनी काही विचारलं नाही की धीर दिला नाही. सायकल काढली आणि गेले. परत आले ते दारातूनच म्हणाले, "आहे. ओव्हरटाइमला बसलाय. वडापाव खातोय." त्या "आहे" या शब्दाचं मला त्या दिवशी जे वाटलं, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

अशा माणसाच्या घरातला नाताळ हजेरीशिवाय कसा होईल? आमच्या दिवाळीचा आकाशकंदील आम्ही उतरवायचोच नाही, डिसेंबर लागला की तो आमच्या खिळ्यावरून त्यांच्या खिळ्यावर जायचा आणि काकू त्याला चांदणी चिकटवायच्या. घरी कालवलेल्या केकचे डबे भाजून आणायला बेकरीत रांगेला उभं राहायचं काम काकांचं. नाताळच्या दिवशी सकाळची उपासना आटोपली की राहुरीहून काकांचे थोरले भाऊ याकोबतात्या, मोशीहून मुलगा अविनाश, नगरहून मुलगी करुणा, सगळे आपापली पोरंबाळं घेऊन यायचे. चपलांचा ढीग आमच्या दारापर्यंत. मग काका कोट घालून दारात उभे राहायचे आणि थोरल्यापासून धाकट्यापर्यंत एकेकाचं पुरतं नाव पुकारायचे. "हजर" म्हटलं की हातावर करंजी. त्याआधी करंजीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. स्वतःचं नावही ते स्वतःच पुकारायचे आणि स्वतःच हजर म्हणायचे, तेव्हा पोरं खिदळायची.

त्यांच्यामागून काकूंचं नाव. "मार्था शामुवेल साळवे." काकू काही बाहेर यायच्या नाहीत. स्वयंपाकघरातूनच त्रासिक आवाज यायचा, "हजर, हजर!" दोनदा. एकदा म्हणून भागत नाही अशी त्यांची खात्री होती. आणि काका एवढे नियमाचे, पण त्यांना कधी "समोर या" म्हणाले नाहीत. हसायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. आम्ही शेजारी, हजेरीत नसलेले, गॅलरीतून हे बघायचो आणि हजेरी संपली की आमच्याही हातावर करंजी पडायची.

लॉकडाऊनच्या पहिल्या वर्षी, सप्टेंबरात, दोघांनाही ताप आला. काकांचा उतरला. काकूंचा श्वास चढला. अँब्युलन्स खाली उभी राहिली तेव्हा त्या स्वतःच्या पायांनी जिना उतरल्या. पांढऱ्या पोशाखातल्या माणसानं नाव विचारलं, तर वर आमच्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यांनाच इचारा, त्यास्नी नाव घ्यायला लई आवडतं." काकांनी गॅलरीतून नाव सांगितलं. तेव्हा शेवटचं बघतोय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

काही दिवसांनी फोन आला. काका घरात कोंडलेले, अविनाशच्या घरी सगळे पॉझिटिव्ह, करुणाची गल्ली नगरात सील केलेली. पालिकेच्या माणसांनीच काकूंना नेलं आणि पुरलं. कुणीतरी अविनाशच्या मोबाइलवर एक फोटो पाठवला. खड्डा, चार पांढरे पोशाख आणि मध्ये बांधलेली पिशवी. अविनाशनं तो मला पाठवला, मी काकांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितला. "पिशवीवर नाव दिसत नाही," म्हणाले आणि मोबाइल परत दिला.

त्यानंतर त्यांनी रडून घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण ते रडले नाहीत. कबरस्तानात चला म्हटलं तर गेले नाहीत. रोज दिवेलागणीला भिंतीपलीकडून आवाज यायचा, "मार्था शामुवेल साळवे." मग काहीच नाही. आमच्या घरात हातातलं काम थांबायचं. सासूबाई देवापुढे वात लावता लावता तशाच बसून राहायच्या. एवढ्या मोठ्या थांबण्यानंतर पलीकडे कपबशी ठेवल्याचा आवाज यायचा आणि मग आम्ही श्वास सोडायचो. मी खोटं कशाला सांगू, मला भीती वाटायची. काकांची नाही. कधीतरी उत्तर येईल याची.

डिसेंबरात ते आमच्या दारात येऊन कंदील मागू लागले. मी दिला. बेकरीवाला त्या वर्षी घरचे डबे घेत नव्हता, म्हणून त्यांनी मला विचारून विचारून कुकरमध्ये केक केला आणि तळाला करपवला. करंज्यांसाठी ओट्याशी उभे राहिले. पारी लाटायची, सारण भरायचं, कातणीनं कड कापायची. निम्म्या तर तेलातच फुटल्या. तरी एक ताट भरलं. "काका, यंदा कोण येणार आहे?" सासूबाई म्हणाल्या. "येणार नाही कुणी," काका म्हणाले, "पण हजेरी होणार. फोनवर." त्यांचा मोबाइल साधा, म्हणून व्हिडिओ कॉल माझ्या मोबाइलवरून करायचा ठरला.

आदल्या दिवशी अविनाशचा मला फोन आला. "ताई, बाबांना एवढं सांगा. हजेरीत आईचं नाव घेतलं तर मी फोन ठेवीन. मग यंदाच नाही, पुढच्या वर्षीही मी पोरांना आणणार नाही. मागच्या महिन्यात भेटायला आलो तेव्हा संध्याकाळी त्यांनी तिला पुकारलं. माझी पोरगी अजून झोपेत दचकते. आणि ताई, मला... मला तरी कुठं सहन होतं?" आणि त्यानं फोन ठेवला.

मी काकांना सांगितलं. ते कातणी धुवत होते. "मग तिचं काय म्हणू?" त्यांनी विचारलं.

"काही म्हणू नका. काकू गेल्या, काका."

"कुणी बघितलं?"

खरंच कुणी बघितलं होतं? मी नाही, काकांनी नाही, पोरांनी नाही. ज्यांनी बघितलं त्यांना त्या कोण हे माहीत नव्हतं. "जन्मभर मी कुणाला न बघता गैरहजर म्हटलं नाही," काका म्हणाले, "तिलाच कसं म्हणू?" पण पोरं तुटतील याची भीतीही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. हात पुसता पुसता पुटपुटले, "अविनाशला सांग, मी बघतो."

नाताळच्या दिवशी काका कोट घालून नेहमीच्या जागी उभे राहिले. मास्क लावून मी समोर मोबाइल धरला. पडद्यावर राहुरीचे तात्या, मोशीचा अविनाश आणि त्याची मंडळी. करुणाकडे रेंज कमी होती, म्हणून तिचं चित्र बंद. चौकोन काळा आणि नुसता आवाज. "सलाम, सलाम" असं एकमेकांना म्हणून झालं. काकांनी तात्यांचं नाव पुकारलं. तात्या खोकत म्हणाले, "हजर." मग स्वतःचं नाव, स्वतःच हजर. या वेळी कुणी खिदळलं नाही.

आणि काका थांबले. पडद्यावरचा अविनाश पुढे झुकला. मी काकांकडे बघून मान हलवली, नको म्हणून. त्यांनी मला पाहिलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि पुकारलं, "मार्था शामुवेल साळवे."

अविनाशचा हात मोबाइलकडे येताना मला दिसला. आणि तेवढ्यात आवाज आला, "हजर, हजर!"

काकूंचा आवाज. तोच त्रासिकपणा, तेच दोनदा म्हणणं. काकांनी डोळे उघडले, पण त्यांनी मोबाइलकडे बघितलंच नाही. ते वळून स्वयंपाकघराच्या दारात गेले. आत वाकून बघितलं. त्यांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. इतका आनंद मी कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही, आणि देव करो पुन्हा पाहायला न लागो. ते तसेच वाकून उभे राहिले. मग हळूहळू सरळ झाले.

"बाबा," मोबाइलमधून रडण्याचा आवाज आला, "बाबा, मी आहे. करुणा. तुम्ही थांबलात ना, ते मला ऐकवेना. अविदादा फोन ठेवणार होता, म्हणून मी..."

काका परत आले. पडद्यावरच्या त्या काळ्या चौकोनाकडे बघत त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "तू दुसऱ्याचं कार्ड मारलंस?" काका खुर्चीवर बसले. "हजेरी बंद," म्हणाले. मी फोन बंद केला. पोरांची नावं त्या दिवशी घ्यायचीच राहिली.

मला उठून जावंसं वाटत होतं आणि त्यांना एकटं टाकवतही नव्हतं. मग ते बोलू लागले. आवाज टाइम ऑफिसातला, हिशेब जुळवताना यावा तसा. "वैशाली, एवढी वर्षं त्या खिडकीत काढली. आलेल्या माणसाचं कार्ड दुसऱ्यानं मारलेलं कधी बघितलं नाही. नसतो त्याचंच मारतात गं." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे पोरीला ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे." आणि मग काका रडले. कोट घातलेला, खिशाला पेन लावलेला तो म्हातारा तोंडावर हात न घेता रडला, आणि भिंतीपलीकडे सासूबाईही रडत असल्याचं मला ऐकू आलं.

त्या संध्याकाळी नाव पुकारलं गेलं नाही. मला वाटलं होतं सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. ती शांतता आदल्या शांततेपेक्षा जड होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका तोच कोट घालून, डोक्याला टोपी लावून दारात आले. "मला सोडतेस?" कुठे, हे मी विचारलं नाही. स्कूटी काढली. वाटेत दर सिग्नलला माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात घट्ट व्हायचा.

कबरस्तानाचा राखणदार पोक्त माणूस होता. काकांनी महिना सांगितला, तसा तो चुळबुळत म्हणाला, "तवाचे लई हायती, बाबा. लाकडी पाट्या ठोकल्या व्हत्या. नंतरच्या पावसानं अक्षरं ग्येली, निम्म्या पाट्याबी ग्येल्या. ह्या वळीत हाय येवढं नक्की. पर नेमकी कंची, त्ये मी खोटं कसं सांगू?"

ज्या एका गोष्टीसाठी हा माणूस इतके महिने अडला होता, जी बघायला आज त्यानं मन घट्ट केलं होतं, ती समोर असूनही बघता येणार नव्हती. मी म्हटलं, "काका, चला, परत येऊ कधीतरी." त्यांनी डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली आणि ते एकटेच त्या ओळीकडे गेले. मी फाटकाशी थांबले.

पहिल्या ढिगाशी ते उभे राहिले, पाय जुळवले आणि स्वच्छ आवाजात नाव घेतलं. थांबले. पुढे झाले. दुसऱ्या ढिगाशी पुन्हा तेच नाव, पुन्हा थांबणं. राखणदार माझ्याकडे बघायला लागला, मी दुसरीकडे बघितलं. गवत वाढलेले, सारखेच ढीग. त्यांच्या मधून ते वाकत, तोल सावरत चालले होते, आणि दर ढिगाशी तेवढ्याच आदबीनं, जणू पहिल्यांदाच पुकारतायत असं पुकारत होते.

माझा मोबाइल वाजला. अविनाश होता. "ताई, मी तुमच्या इथं आलोय. पोरांना घेऊन. काल मी फार... बाबा दार उघडत नाहीत. कुठं आहेत ते?"

"कबरस्तानात," मी म्हटलं. "पण पाट्या गेल्यात रे. कुठली ते कुणालाच सांगता येत नाही."

नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. मी ओळीकडे बघितलं. इतका वेळ येणारा काकांचा आवाज थांबला होता. ओळ अजून बरीच उरली होती, पण ते पुढे गेले नव्हते. एका ढिगाशी ते खाली मातीत बसले होते, कोटासकट, मांडी घालून. एक हात मातीवर होता आणि ते बोलत होते. नाव घेत नव्हते, काही पुकारत नव्हते; घरात चहाला बसल्यावर माणूस बोलतो तसं, खालच्या आवाजात, मधूनमधून थांबून, मान डोलावून. तिथं खूण नव्हती, दगड नव्हता, पाटीचा तुकडासुद्धा नव्हता.

"ताई?" अविनाश म्हणाला. "आहात ना?"

"सापडली," मी म्हटलं. "पोरांना घेऊन ये."